उरलेले शेतीचे जिप्सम भाजून पीओपी करता येईल का?

अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातील एका शेतकरी बंधूंनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांनी चोपण, म्हणजे सोडियममुळे बिघडलेल्या जमिनीसाठी जिप्सम आणले होते आणि त्यातली काही पोती उरली आहेत. त्यांचा धाकटा भाऊ छताच्या पीओपीची कामे घेतो. सिमेंटमध्येही जिप्सम असते, असे त्यांच्या ऐकण्यात आले आहे. शेतातले, छताचे आणि सिमेंटमधले जिप्सम एकच आहे का, एकच असेल तर उरलेली पोती भाजून पीओपी करता येईल का, आणि जमिनीत घातलेल्या जिप्समचा त्यांना अपेक्षित फरक का दिसला नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. सिमेंट आणि प्लास्टरच्या कारखान्यांतील प्रयोगशाळांत माझी सत्तावीस वर्षे गेली, त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर स्फटिकात बांधले गेलेले पाण्याचे दोन रेणू. वजनाच्या हिशेबात शुद्ध जिप्सममध्ये २०.९ टक्के पाणी असते. म्हणजे पन्नास किलोचे पोते हाताला कोरडे ठणठणीत लागले तरी त्यात दहा किलोंहून अधिक पाणी दडलेले असते. ही ओल नव्हे. उन्हात कितीही वाळवले तरी ते जात नाही, कारण ते स्फटिकाच्या रचनेचाच भाग असते. जिप्समचे जवळजवळ सगळे उपयोग आणि त्याच्यामुळे होणाऱ्या बहुतेक चुका या पाण्याशी निगडित आहेत, म्हणून तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी त्याच्याच आधाराने देणार आहे.

खनिज म्हणून जिप्सम फार मऊ असते. काठिण्याच्या एक ते दहा क्रमांकांच्या मापात त्याचा क्रमांक दुसरा आहे, त्यामुळे त्यावर नखाने ओरखडा उठतो. घनता पाण्याच्या सुमारे २.३ पट असते. निसर्गात ते कधी काचेसारख्या पारदर्शक पापुद्र्यांच्या रूपात, कधी रेशमासारख्या तंतूंच्या रूपात, तर कधी दुधी, घट्ट दगडाच्या रूपात सापडते. आयुर्वेदात ज्याला गोदंती म्हणतात ते हेच खनिज; त्याचे पांढरे तुकडे गाईच्या दातांसारखे दिसतात म्हणून हे नाव पडले. आटत गेलेल्या खाऱ्या पाण्यातून ते साचते आणि त्यामुळे भारतातले मोठे साठे राजस्थानात, मुख्यतः नागौर, बिकानेर, जैसलमेर आणि श्रीगंगानगर या भागांत आहेत. महाराष्ट्रात कारखान्यांना पुरेल असा नैसर्गिक साठा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यांच्या दाराशी चुनखडी आहे, पण जिप्सम मात्र राजस्थानातून, ओमानसारख्या देशांतून जहाजाने किंवा रासायनिक कारखान्यांचा उपपदार्थ म्हणून आणावे लागते.

आता भाजण्याकडे वळू. जिप्सम साधारण १२० ते १६० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की त्याच्या दोन भाग पाण्यापैकी दीड भाग वाफ होऊन निघून जाते आणि अर्धा भाग मागे उरतो. उरलेली पांढरी भुकटी म्हणजेच प्लास्टर ऑफ पॅरिस, आपले पीओपी. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणींमुळे हे नाव रूढ झाले. हजार किलो शुद्ध जिप्सम भाजल्यावर सुमारे ८४० किलो पीओपी मिळते, बाकीचे वजन वाफेबरोबर जाते. याच भुकटीत पुन्हा पाणी कालवले की ती गेलेले पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी १७६५ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जिप्समवरचा निबंध वाचला आणि प्लास्टर घट्ट होते ते भाजताना गमावलेले पाणी परत मिळाल्यामुळे, हे दाखवून दिले. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : शेतातले आणि सिमेंटमधले जिप्सम रासायनिकदृष्ट्या एकच आहे, पीओपीची भुकटी मात्र त्याचे अर्धवट निर्जल रूप आहे, आणि तुमच्या भावाने लावलेले छत सुकले की ते पुन्हा जिप्समच असते.

घट्ट होण्याची ही क्रिया कशी घडते, हे कारागिराने समजून घेतले तर त्याचे निम्मे नुकसान टळेल असे मला वाटते. पीओपीची भुकटी पाण्यात जिप्समपेक्षा काही पटींनी अधिक विरघळते. त्यामुळे कालवल्याबरोबर पाण्यात कॅल्शियम सल्फेटची इतकी गर्दी होते की जिप्सम म्हणून तिथे तेवढे विरघळलेले राहूच शकत नाही. ते सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपात बाहेर पडू लागते, या सुया एकमेकींत गुंततात, आणि त्या गुंत्यालाच आपण घट्ट झालेले प्लास्टर म्हणतो. नवा स्फटिक सुरू व्हायला जुन्या स्फटिकाचा आधार मिळाला तर काम झपाट्याने होते. म्हणूनच आदल्या घाण्याचे खरकटे चिकटलेल्या घमेल्यात नवे पीओपी कालवले की ते हातातच आवळते आणि दोष मात्र पोत्याला दिला जातो. घमेले धुऊन पाहावे, बहुतेक वेळा पोते निर्दोष निघते. उलट उशीर हवा असेल तेव्हा सायट्रिक आम्ल किंवा सरस अगदी अल्प प्रमाणात मिसळला जातो. हे पदार्थ वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याची वाढ रोखतात.

रासायनिक गरजेपुरते पाहिले तर १०० किलो पीओपीला फक्त १८.६ किलो पाणी पुरते. प्रत्यक्षात साध्या पीओपीला ६० ते ८० किलो पाणी घालावे लागते, नाहीतर ते ओतण्याजोगे पातळ होत नाही. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. पाणी जितके जास्त, तितकी छिद्रे जास्त आणि ताकद कमी. परंतु हीच छिद्रे कुंभकामाच्या साच्यांत उपयोगी पडतात : गुजरातेत मोरबीला किंवा उत्तर प्रदेशात खुर्जाला चिनी मातीची भांडी आणि सॅनिटरी वस्तू ज्या साच्यांत ओततात, ते पीओपीचे साचे मातीच्या रब्ब्यातले, म्हणजे पातळ कालवणातले, पाणी या छिद्रांतून शोषून घेतात आणि साच्याच्या भिंतीलगत मातीचा थर धरला जातो. याउलट दंतवैद्यकात दातांची प्रतिकृती कठीण आणि अचूक हवी असते, म्हणून तिथे दाबाखालच्या वाफेत भाजलेले प्लास्टर वापरतात. त्याचे कण भरीव असल्याने त्याला पाणी निम्म्याच्या आसपास पुरते आणि ताकद कितीतरी अधिक येते. शाळेतला साधा पांढरा खडू, मोडलेल्या हाडाचे प्लास्टर, भिंतीवरचे कोरीव काम ही सगळी याच एका अभिक्रियेची कामे आहेत. घट्ट होताना प्लास्टर आकसत नाही, किंचित फुगते, आणि म्हणूनच साच्यातली बारीकशी रेघसुद्धा त्यात उमटते.

एक इशारा येथेच देतो. घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. पातळ थरात ती जाणवत नाही, पण जाड गोळ्यात तापमान इतके वाढते की हाताचा ठसा घेण्याच्या हौसेने पीओपीच्या बादलीत हात बुडवून ठेवणाऱ्यांना गंभीर भाजल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. मुलांना हा प्रयोग कधीही करू देऊ नये.

आता दुसरा प्रश्न. तुमची पोती भाजून पीओपी होईल का? तत्त्वतः होईल, पण करू नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण शुद्धतेचे. जमीन सुधारण्यासाठी सत्तर-ऐंशी टक्के शुद्धतेचे जिप्समही चालते. उरलेला भाग माती, वाळू आणि चुनखडीचा असतो, जमिनीला त्याचे काही वाटत नाही. चांगल्या पीओपीला मात्र नव्वदीच्या आसपासची शुद्धता लागते. दुसरे कारण भाजण्याचे. कढईत किंवा पत्र्यावर भाजताना खालचा थर तीनशे अंशांपुढे जातो तेव्हा वरचा थर शंभरावरच असतो. न भाजलेले कण राहिले तर ते आधी सांगितलेल्या खरकट्यासारखे वागतात आणि मिश्रण क्षणात आवळते. जास्त भाजलेल्या कणांतले सगळे पाणी निघून गेलेले असते, आणि फार तापलेले असे निर्जल जिप्सम पाण्याला लवकर दादच देत नाही, ते मेल्यासारखे पडून राहते. एकाच घाण्यात दोन्ही दोष आले की छताचा तुकडा आज सुटेल की वर्षाने, हे कोणी सांगू शकत नाही. डोक्यावर टांगायच्या वस्तूत असा धोका पत्करू नये.

पोत्यात काय आहे हे पाहायचे असेल तर एक सोपी परीक्षा आहे. थोडी भुकटी आधी ४५ अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी, म्हणजे वरवरची ओल जाते. मग ती अचूक तोलून सुमारे २२० अंशांवर पुन्हा वजन स्थिर होईपर्यंत तापवावी. जेवढे टक्के वजन घटले त्याला ४.७८ ने गुणले की जिप्समचे अंदाजे प्रमाण मिळते. घट १५ टक्के आली तर जिप्सम सुमारे ७२ टक्के. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकल्यावर भुकटी फसफसली तर त्यात चुनखडीची भर आहे असे समजावे, कारण शुद्ध जिप्सम फसफसत नाही.

पोते कोणत्या उगमाचे आहे, हेही पाहायला हवे. शेतीसाठी विकले जाणारे पुष्कळ जिप्सम खाणीतले नसते, ते फॉस्फरिक आम्लाच्या कारखान्यात तयार झालेले असते. तिथे फॉस्फेट खडकावर गंधकाम्लाची क्रिया करतात आणि तयार होणाऱ्या आम्लातल्या एक टन फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे (आम्लाचा हिशेब याच मापात करतात) साधारण पाच टन फॉस्फोजिप्सम बाजूला पडते. ते करडसर, ओलसर आणि आम्लधर्मी असते, त्यात फॉस्फेट व फ्लुओराइडचे अंश राहतात आणि मूळ खडकातले अल्प रेडियमही उतरते. चोपण जमिनीत ते चांगले काम करते, पण बंद खोलीच्या भिंती-छतासाठी ते वापरताना किरणोत्साराचा विचार करावाच लागतो, आणि म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाने बांधकामातील त्याच्या वापरावर मर्यादा घातलेली आहे. प्रक्रिया आणि तपासणी न केलेले फॉस्फोजिप्सम घराच्या आत आणू नये. कोळशाच्या वीज केंद्रांत धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या रब्ब्यात शोषून जे जिप्सम बनवतात ते मात्र बरेच शुद्ध असते आणि जगभर जिप्सम बोर्डासाठी वापरले जाते. सगळ्याच केंद्रांत ते तयार होते असे नाही, हे जाता जाता सांगतो. डहाणूच्या केंद्रात धूर समुद्राच्या पाण्याने धुतात, तिथे जिप्सम निघत नाही.

सिमेंटमधल्या जिप्समविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझे बहुतेक आयुष्य तिथे गेले. भट्टीतून निघालेले क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचे सिमेंट करतात ते खडे, नुसतेच दळले तर त्यातले ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट हे संयुग पाणी लागताच काही मिनिटांत आवळते आणि गवंड्याला थापी फिरवायलाही वेळ मिळत नाही. दळताना तीन ते पाच टक्के जिप्सम घातले की त्यातला सल्फेट या संयुगाशी संयोग पावून कणांवर एट्रिंगाइट नावाच्या क्षाराचे आवरण धरतो, आणि हव्या त्या वेळेपर्यंत ती घाई थोपवली जाते. प्रमाण मात्र काटेकोर ठेवावे लागते : कमी पडले तर सिमेंट झटपट आवळते, जास्त झाले तर एट्रिंगाइट काँक्रीट घट्ट झाल्यावरही वाढत राहते आणि ते आतून फुगवून फोडते.

एका एप्रिल महिन्यात आमच्याकडे तक्रारींचा ढीग आला होता की सिमेंट कालवल्याबरोबर घट्ट होते. रासायनिक तपासणीत सल्फेट बरोबर निघत होता, त्यामुळे दोन दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधत राहिलो. शेवटी गिरणीतून बाहेर पडणाऱ्या सिमेंटचे तापमान पाहिले तेव्हा ते १३० अंशांच्या वर गेलेले होते. उन्हाळ्यात गरम क्लिंकर तसेच गिरणीत जात होते, गिरणीतच जिप्सम भाजले जाऊन त्याचे पीओपी होत होते, आणि गवंड्याच्या घमेल्यात तेच पीओपी आवळत होते. याला खोटे सेटिंग म्हणतात. ते ओळखण्याची खूण अशी की जास्तीचे पाणी न घालता मिश्रण पुन्हा जोराने कालवले तर ते मोकळे होते आणि पुढे नेहमीसारखे काम देते. खरे झटपट आवळलेले सिमेंट असे मोकळे होत नाही. क्लिंकर थंड करण्याची व्यवस्था सुधारली आणि तक्रारी थांबल्या, पण आधी गवंड्यांनी पाणी वाढवून जे काम केले होते त्याची ताकद कमी झाली ती झालीच.

तुमच्या भावासाठी याच अनुषंगाने दोन सूचना. पीओपी आणि सिमेंट कधीही एकत्र कालवू नये, पांढरे सिमेंटसुद्धा नाही. पहिल्या दिवशी ते कडक आणि सुंदर दिसते, पुढे ओल मिळाली की त्याच एट्रिंगाइटमुळे फुगते आणि पोपडे सुटतात. दुसरी सूचना अशी की जिप्समचे प्लास्टर आणि पीओपी पावसाचा मारा असलेल्या बाहेरच्या भिंतीवर किंवा सतत ओल्या राहणाऱ्या न्हाणीघरात लावू नये. जिप्सम एका लिटर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. आकडा लहान दिसतो, पण कोकणातल्या एका पावसाळ्यात बाहेरच्या कोरीव पट्टीची धार बोथट करायला तो पुरेसा आहे. शिवाय जिप्सम सिमेंटसारखे अल्कधर्मी नसल्याने त्यात लोखंडाला संरक्षण मिळत नाही. साधा खिळा किंवा तार वापरली तर गंज चढतो आणि तांबूस डाग वर येतात, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेलीच तार घ्यावी.

आतल्या भिंतींना मात्र जिप्समइतका आगीपासून राखणारा स्वस्त पदार्थ मला माहीत नाही. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या बोर्डाचे एक चौरस मीटर साधारण साडेआठ किलो भरते, म्हणजे त्यात जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी स्फटिकांत बांधलेले असते. आग लागली की हे पाणी वाफ होऊन निघेपर्यंत उष्णता त्यातच खर्च होते आणि तोवर बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या आसपासच राहते. माणसे बाहेर पडायला तेवढा वेळ मोलाचा असतो.

गणेशमूर्तींचा विषय तुम्ही काढला नाही, पण पीओपीची चर्चा महाराष्ट्रात त्यावाचून पुरी होत नाही. बारा किलोची पीओपी मूर्ती पूर्ण विरघळायला सिद्धांततः सुमारे पाच हजार लिटर पाणी लागते, आणि तळ्यातल्या साचल्या पाण्यात हे काम अतिशय संथ चालते. मूर्ती महिनोन्महिने तळाशी राहते ती यामुळे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली आणि पुणे महापालिकेने नागरिकांपर्यंत पोहोचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी नेटकी आहे : जिप्समपासून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते आणि अमोनियम सल्फेट, म्हणजे खत, पाण्यात उतरते. हिशेबाने एक किलो मूर्तीमागे सुमारे ९२० ग्रॅम बायकार्बोनेट लागते. मोठ्या मूर्तींना ही पद्धत पुरी पडणार नाही, आणि घरची मूर्ती शाडूचीच असावी असे माझे मत आहे.

शेवटी तुमच्या जमिनीचा प्रश्न. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्यामुळे कण एकमेकांपासून सुटतात, ओल्या असताना चिखल होतो आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात उतरतो. पण ते पाणी मुळांच्या खाली आणि शेताबाहेर गेले तरच जमीन सुधारते. तुमच्याकडच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या भारी काळ्या जमिनीत निचरा हाच कच्चा दुवा आहे, आणि तुम्हाला फरक न दिसण्याचे कारण मला तिथेच वाटते. शिवाय पाण्याचा हिशेब पाहा : हेक्टरी एक टन जिप्सम नुसत्या पाण्यात विरघळायला चाळीसेक मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरावा लागतो. चोपण जमिनीत कॅल्शियम सतत खेचला जात असल्याने प्रत्यक्षात हे काम थोडे लवकर होते, तरी उतारावरून पाणी वाहून गेले तर जिप्सम जागच्या जागी पांढरे पडून राहते.

म्हणून उरलेली पोती शेतातच वापरावीत. आधी माती परीक्षणात विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेला पण हटवता येणारा, सोडियम किती आहे ते पाहून घ्यावे. शंभर ग्रॅम मातीतला एक मिलिसममूल्य (परीक्षणाच्या अहवालातले एकक) सोडियम हटवायला वरच्या पंधरा सेंटिमीटर थरासाठी हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागते, आणि तुमचे जिप्सम सत्तर टक्क्यांचे असेल तर २.७ टन. उन्हाळ्याच्या अखेरीस ते बारीक करून वरच्या थरात मिसळावे, नांगरून खोल गाडू नये, पाणी मुरेल असे लहान बांध घालावेत आणि शेताच्या खालच्या बाजूला चर खणावा. जमीन केवळ क्षारयुक्त असेल, म्हणजे सोडियम चिकटलेला नसेल, तर जिप्समचा उपयोग नाही, तिथे निचराच हवा. भुईमूग घेत असाल तर एक-दोन पोती त्यासाठी राखून ठेवा. भुईमुगाच्या शेंगेला लागणारा कॅल्शियम मुळांवाटे पुरेसा पोचत नाही, शेंग तो आजूबाजूच्या मातीतून थेट शोषते, म्हणून आऱ्या, म्हणजे शेंग धरणारे देठ, जमिनीत उतरायला लागतात त्या सुमारास झाडांच्या बुडाशी जिप्सम पसरून हलकी भर द्यावी. पोती तोवर ओल न लागणाऱ्या जागी, फळीवर ठेवा. शेणखताच्या किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात मात्र जिप्सम टाकू नका, कारण हवा न मिळणाऱ्या ओल्या कचऱ्यात जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात आणि बंद खड्ड्यात तो जिवावर बेतू शकतो.